डाव्या हाताचा पीळ

छत्तिसाव्या किलोमीटरच्या खांबापाशी, जाळीच्या तळाला मारलेला तारेचा एक पीळ उलट्या दिशेचा होता. कुंपणाच्या या बासष्ट किलोमीटरांवरचा प्रत्येक पीळ गेली एकोणीस वर्षे मी मारत आलो होतो. मी उजव्या हाताचा माणूस. माझा पीळ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. हा डावीकडे फिरलेला होता. साडेतीन वेढे, शेपूट खाली दाबलेले, काम नीटनेटके. मी गुडघे झटकून उठलो आणि चहूकडे पाहिले. खारट झुडपांशिवाय तिथे कोणीही नव्हते.

माणसाचा पीळ त्याच्या सहीसारखा असतो. आमच्या भागात डावखुरा गस्तवाला एकच आहे, डेन्झिल ट्रेगेन्झा. माझा टप्पा बासष्टच्या फाटकापाशी संपायचा आणि त्याचा तिथून सुरू व्हायचा.

ऑस्ट्रेलियातल्या या लांबलचक कुंपणाच्या उत्तरेला डिंगो, म्हणजे रानकुत्रे, आणि दक्षिणेला मेंढ्या. दोघांची गाठ पडू न देणे एवढेच आमचे काम. दर चौदा दिवसांनी टप्पा गाडीने फिरायचा. बीळ खणणाऱ्या वॉम्बॅट प्राण्याने खालून उकरले असेल, कांगारू धडकला असेल, वाऱ्याने वाळकी झुडपे जाळीवर लोटली असतील, तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचे आणि वहीत नोंदवायचे. दुसऱ्याच्या टप्प्यावर कोणी हात लावत नाही. लावावाच लागला, तर त्याच दिवशी फोन करून सांगतो.

मला कोणी काही सांगितलेले नव्हते.

त्या सोमवारी मी वेळापत्रकाबाहेर निघालो होतो. आदल्या दिवशी दक्षिणेकडच्या मेंढीमळ्याच्या मालकाचा फोन आला होता: अकरा कोकरे फाडलेली सापडली. याचा अर्थ डिंगो आत आला होता, आणि ज्या भागात कोकरे मेली तिथे कुंपण माझे होते. एक्केचाळीसपाशी मला जागा सापडली. एप्रिलमध्ये वॉम्बॅटच्या बिळावर मीच लावलेले जाळीचे ठिगळ खालून सुटून पडद्यासारखे उचलले गेले होते. सहापैकी चार पीळ गायब. वाळूत पावलांचे ठसे, आत जाणारे. मी तारेचे तुटके तुकडे वेचून पाकिटात घातले, ठिगळ पुन्हा बांधले आणि पुढे गेलो. चव्वेचाळीसपाशी आणखी एक डावा पीळ होता. तिथेच गाडीच्या चाकांचे माग होते, त्यातले मागचे एक चाक वेगळ्या नक्षीचे. डेन्झिलने फेब्रुवारीत एकच चाक बदलले होते. ते बदलताना जॅक मी धरला होता.

संध्याकाळी मी त्याला फोन केला. आरोप केला नाही. सहज विचारले, "इकडे चक्कर झाली का रे तुझी इतक्यात?"

"माझी? तुझ्या टप्प्यावर? बासष्टच्या अलीकडे पाऊल नाही टाकलं बाबा. का, काय झालं?"

"काही नाही. डिंगो आत आलाय."

"अरेरे. बघ, मी सांगत होतो, ते जुनं डबडं फेकून दे. हातात मजबूत हत्यार असतं तर झालं नसतं."

फोन ठेवला आणि मी बराच वेळ त्या हत्याराचा विचार करीत बसलो.

त्याची हकीकत अशी. माझ्या पट्ट्याला सत्तावीस वर्षांपासून एक घडीचे मल्टीटूल आहे. पक्कड, सुरी, कानस, आरी आणि दोन पेचकस एवढे एका मुठीत मावते. पोर्ट ऑगस्टाच्या तांत्रिक महाविद्यालयातून शिकून बाहेर पडल्यावर अनेक वर्षांनी, पण तिथल्याच दुकानातून मी ते घेतले. जबड्याचे एक टोक तुटलेले आहे, दाते झिजून गुळगुळीत झाले आहेत आणि जाड तार कापायला दोन्ही हात लागतात. या वर्षी माझ्या उजव्या अंगठ्याच्या सांध्यात दुखू लागले, तेव्हा नवे घ्यावे की काय असा विचार मनात आला. बायकोने, एल्माने, ॲडलेडहून एक मागवून दिले. त्याच्या सुरीचा खटका दुसऱ्याच दिवशी सरकला. मी ते परत पाठवले. मग मार्चच्या अखेरीस डेन्झिल स्वतःहून दारात उभा राहिला. त्याच्या हातात त्याच्याच मोठ्या मल्टीटूलचे जुळे भावंड होते, करकरीत नवे, माझ्या जुन्याच्या पावणेदोन पट वजनाचे.

"माझ्याकडे जास्तीचं पडलंय. वापरून बघ. आवडलं तर ठेव."

"आणि नाही आवडलं तर?"

"तरी ठेव. मास्तर, प्रत्येक गोष्टीची परीक्षा घेतलीच पाहिजे का तुम्ही?"

माझी खोडी काढताना तो मला मास्तर म्हणतो. मी परीक्षा घेतली. तीन ते चौदा एप्रिल, बारा दिवस, एक दुरुस्ती जुन्याने आणि एक नव्याने, आलटून पालटून. वहीच्या मागच्या पानावर तक्ता आखला: वजन, कापण्यास लागणारा जोर, पकड, एका हाताने उघडते का, थंडीत बोटांना लागते का. नवे जवळजवळ प्रत्येक रकान्यात सरस ठरले. तरीही 'निर्णय' असे लिहिलेला शेवटचा रकाना मी कोरा ठेवला आणि ते हत्यार खणात टाकले. एवढी महाग वस्तू कोणी कारणाशिवाय देत नाही, असे मला तेव्हाच वाटले होते.

सोमवारी रात्री जेवताना ते कारण मला सापडले, किंवा सापडले असे वाटले. डेन्झिलचा जावई ब्रायस गेले वर्षभर टप्पा शोधत होता. कुंपणाची देखरेख करणाऱ्या मंडळाकडे मोकळा टप्पा नव्हता. गस्तवाल्याच्या हयगयीने जाळी उघडी पडली असे ठरले, तर त्याचा टप्पा जातो; टप्प्याबरोबर मंडळाने दिलेले घरही जाते. आमचे घर म्हणजे शून्य किलोमीटरवरचे पत्र्याचे दोन खोल्यांचे घर, पावसाच्या पाण्याची टाकी, आणि एल्माने भांड्यांच्या धुवणावर जगवलेले लिंबाचे झाड. मी सदुसष्ट वर्षांचा आहे. दुसरा टप्पा मला कोणीही देणार नाही.

"तुला काय म्हणायचंय?" एल्माने विचारले. "डेन्झिल तुझी जाळी उघडतो?"

"दोन जागी त्याचे पीळ आहेत. मध्ये एक जागा उघडी. आणि तो म्हणतो, मी आलोच नव्हतो."

"उघडायची असेल तर बांधेल कशाला?"

"बांधलेली दोन उघडून बघितली असतील आधी. सराव म्हणून."

"सराव! जाळी सोडायचा सराव लागतो? बत्तीस वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाला?" तिने मटणाची थाळी माझ्याकडे सरकवली. "ते लोणचं घे आणि डोकं जरा गार कर."

मी लोणचे घेतले. दुसरे काही ऐकले नाही. एकदा वेगळ्या नजरेने पाहू लागलो, की मागच्या गोष्टीही वेगळ्या दिसू लागल्या. फेब्रुवारीत चाक बदलायला तो नेमका माझ्याच अंगणात का आला? माझ्या अंगठ्याची चौकशी त्याने एल्माकडे का केली, माझ्याकडे का नाही? नाताळात ब्रायसने मला टप्प्यावरची पाण्याची ठिकाणे विचारली होती. तेव्हा मी ती कौतुकाने सांगितली होती.

मंगळवारी सकाळी मंडळाच्या निरीक्षक ग्लेनिस हॅडो यांचा फोन आला. मळ्याच्या मालकाने तक्रार केली होती.

"व्हर्न, मी गुरुवारी एक्केचाळीसवर येते. त्याआधी तुम्हाला काही सांगायचंय?"

मी सांगितले. डावे पीळ, चाकांचे माग, फोनवरचे खोटे. नाव घेतले.

"हे फार मोठं बोलताय तुम्ही. सिद्ध करता येईल?"

"गुरुवारपर्यंत करतो."

"मग त्यांनाही बोलावते. समोरासमोर होऊ दे."

बुधवारी दुपारी मी शेडमध्ये पुरावा तयार करायला बसलो. माझा आराखडा सरळ होता. प्रत्येक कातरीची तारेवर आपली खूण उमटते. माझ्या जुन्याच्या धारेला खाच आहे, तिची रेघ उठते. डेन्झिलच्या हत्याराची आणि खणातल्या नव्याची घडण एकच. नव्याने तार कापून तिचे टोक एक्केचाळीसवर वेचलेल्या तुकड्यांशेजारी ठेवायचे. दोन्ही टोके सारखी दिसली, की कोणाच्या हत्याराने माझी जाळी उघडली ते निरीक्षकबाईंना भिंगातून दाखवता येईल.

फळीवर पांढरा कागद चिकटवला. जुन्याने कापलेली तार पहिल्या ओळीत, नव्याने कापलेली दुसऱ्या ओळीत, पाकिटातले तुकडे तिसऱ्या ओळीत. दिव्याची मान खाली ओढली आणि भिंग धरले.

पहिल्या ओळीत टोके छिन्नीसारखी, मधोमध खाचेची रेघ. दुसऱ्या ओळीत टोके छिन्नीसारखी, चकचकीत, रेघ नाही. तिसऱ्या ओळीतली टोके या दोन्हींसारखी नव्हती. ती कापलेलीच नव्हती. करडी, रवाळ, एका बाजूला किंचित खोलगट. असे टोक मी पन्नास वर्षांपूर्वी पाहिले होते. धातुशास्त्राच्या तासाला आमच्या शिक्षकांनी एक तुटलेला बोल्ट वर्गभर फिरवला होता. वस्तू कोणी तोडली आणि वस्तू स्वतः थकून तुटली, यांतला फरक तुम्हाला आयुष्यभर ओळखता आला पाहिजे, असे ते म्हणाले होते.

मी भिंग तुटलेल्या जागेच्या खाली नेले. तारेवर आडव्या बारीक जखमा होत्या, सारख्या अंतरावर. जस्ताचा मुलामा त्या जागी फाटला होता आणि आत तांबूस गंज धरला होता. व्हर्नियर मापकाने अंतर मोजले. मग नव्या हत्याराच्या जबड्यावरचे दाते मोजले. अंतर तेच होते.

मी उठून चहा करून आणला आणि तो तसाच गार होऊ दिला.

हे माप डेन्झिलच्याही हत्याराचे होते, अशी मनाची समजूत मी काही मिनिटे घातली. पण एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी, ही आमची शिकवण. व्हाइसच्या शिकंज्यात एकाच जातीची तार धरून सहा पीळ जुन्याने मारले आणि सहा नव्याने, साडेतीन वेढ्यांचे, माझ्या नेहमीच्या जोराने. मग वाऱ्याने हलते तशी प्रत्येक तार हाताने हलवली आणि मोजत गेलो. जुन्याचे सहाही पीळ साठ हेलकाव्यांनंतर शाबूत होते. नव्याचा पहिला अकराव्या हेलकाव्याला तुटला. दुसरा चौदाव्या. बाकीचे मोजण्याची खरोखर गरज नव्हती, तरी मी मोजले.

सत्तावीस वर्षे माझी मूठ एका झिजलेल्या जबड्याला जोर पुरवत आली होती. तोच जोर मी नव्या, धारदार दात्यांच्या, दुप्पट ताकदीच्या जबड्याला दिला. प्रत्येक पिळाच्या मुळाशी मी स्वतःच तार चावून ठेवली होती. तक्त्यात पकडीचा रकाना होता, कापण्याचा होता, थंडीतल्या बोटांचाही होता. मारलेला पीळ महिनाभराने कसा दिसतो, हा रकाना मी आखलाच नव्हता.

मग वही काढली. जुन्याला मी 'जु' लिहीत असे आणि नव्याला 'न'. एक्केचाळीस: वॉम्बॅट, ठिगळ, सहा पीळ, न. छत्तीस: न. चव्वेचाळीस: न. तिन्ही जागा माझ्या परीक्षेच्या होत्या. 'न' असलेल्या एकूण सतरा होत्या.

एल्मा दारात उभी होती. तिने फळीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"सापडला चोर?"

"सापडला."

ती म्हणाली, "डेन्झिलला फोन कर."

"असं फोनवर कसं सांगायचं?"

"त्याचं नाव मात्र फोनवर सांगता आलं तुला."

मी फोन केला नाही. वहीचा विचार करीत राहिलो. त्या वहीतली ती अक्षरे माझ्याशिवाय कोणाला कळणार नव्हती. ती फळी शेडमध्येच राहिली असती, तर ग्लेनिसबाईंपुढे दोन डावे पीळ आणि एक खोटे बोलणे एवढेच आले असते. घर वाचवायला ते पुरेसे होते. हे मला स्पष्ट दिसत होते आणि ते दिसते याचीच मला शरम वाटत होती.

गुरुवारी दहा वाजता एक्केचाळीसवर तीन गाड्या उभ्या होत्या. डेन्झिल बॉनेटला टेकून बिस्किट खात होता.

"काय मास्तर, खटला आहे म्हणे माझ्यावर. सुळावर देणार की नुसतं हद्दपार?"

तो हसत होता, पण डोळे हसत नव्हते. त्याला ग्लेनिसबाईंनी कारण सांगितले होते.

"व्हर्न," त्या म्हणाल्या, "फोनवर जे बोललात तेच तुमचं म्हणणं आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "ते चुकीचं होतं."

मी फळी गाडीच्या फाळक्यावर ठेवली, वही उघडली आणि पहिल्या ओळीपासून सांगत गेलो. ओळीने, काही न वगळता. 'न' या अक्षराचा अर्थही सांगितला. ग्लेनिसबाईंनी भिंग घेतले आणि बराच वेळ वाकून पाहिले. डेन्झिलने बिस्किट खिशात ठेवले.

"मग हे डावे पीळ?" त्यांनी त्याला विचारले. "तुम्ही तर आलाच नव्हता म्हणे."

"आलो होतो." त्याने पायाने वाळू उकरली. "गावाहून येताना याच्याच वाटेनं येतो मी, जवळ पडते. छत्तीसला बघितलं, पीळ सुटलेला. चव्वेचाळीसला दुसरा. बांधले आणि गेलो."

"सांगितलं का नाहीस?" मी विचारले.

"काय सांगू? की व्हर्न, तुझा हात गेला?" आता तो माझ्यावर ओरडला. "नाताळात चहाचा कप दोन्ही हातांनी धरत होतास तू! मला दिसत नव्हतं? म्हणून तर ते हत्यार आणून दिलं. म्हटलं, जोर कमी लागेल. तरी पीळ सुटायला लागले, तेव्हा वाटलं, संपलं याचं. आता हे मंडळाला कळायच्या आत जाता-येता मीच बांधत जाईन. आणि तू? तू माझं नाव सांगतोस!"

त्याने मला बिचारा समजावे आणि मी त्याला लबाड. त्याच्या चुकीने दोन पीळ घट्ट बसले होते, माझ्या चुकीने काय झाले ते समोर होते.

"चूक झाली माझी," मी म्हणालो. "दोन्ही. तारेचीही आणि ही पण."

"तारेची चूक कोणालाही होते," तो म्हणाला आणि तोंड फिरवून कुंपणाकडे पाहत राहिला.

ग्लेनिसबाई गाडीत बसून लिहीत होत्या. खाली उतरल्या तेव्हा त्यांचा आवाज कोरडा होता.

"डेन्झिल, दुसऱ्याच्या टप्प्यावर दुरुस्ती करून लपवणं, याची नोंद मी करणार. व्हर्न, अकरा कोकरं मेली आहेत. तुम्ही स्वतः उलगडा केलात म्हणून घर आणि छत्तीसपर्यंतचा टप्पा तुमच्याकडे राहील. छत्तीस ते बासष्ट मी दुसऱ्याला देते. आणि त्या सतरा जागांचे पीळ शनिवारपर्यंत बदललेले हवेत."

"दुसऱ्याला म्हणजे कोणाला?" डेन्झिलने विचारले.

"तुमचा जावई रांगेत पहिला आहे."

त्याने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत थोडी लाज होती. ती त्याच्या चेहऱ्यावर मी यापूर्वी पाहिली नव्हती. ज्या गोष्टीसाठी मी त्याच्यावर संशय घेतला, ती त्याने न मागता त्याच्या पदरात पडली होती, आणि मीच ती फळीवर मांडून दिली होती. क्षणभर जुना संशय पुन्हा डोके वर काढू लागला. मी तो तिथेच दाबला. भिंगाखाली जे दिसले ते दिसले होते.

शुक्रवारी सकाळी मी नव्या हत्याराचे दाते कानशीने घासले. पूर्ण नाही, फक्त माथे मोडेपर्यंत. मग व्हाइसमध्ये पुन्हा सहा पीळ मारले, अडीच वेढ्यांचे, मूठ सैल ठेवून. साठ हेलकाव्यांना सहाही टिकले. 'निर्णय' या रकान्यात मी लिहिले: नवे वापरावे. त्याच्या आधी आणखी एक रकाना आखला, महिनाभरानंतरच्या पाहणीचा, आणि तो कोरा ठेवला.

त्या सतरा जागांच्या कामाला डेन्झिलही हात लावत होता: तो बासष्टकडून निघाला होता, मी शून्याकडून. दुपारी आम्ही चाळीसपाशी भेटलो. नवे बांधलेले पीळ तपासायला त्याने माझे हत्यार मागून घेतले, उघडले आणि जबड्यावरून बोट फिरवले.

"नव्या कोऱ्या वस्तूचे दात पाडलेस की रे."

"तुझेही घासलेले दिसतात."

"माझे सात वर्षांत आपोआप झिजलेत. मला कुठे माहीत होतं की तेच चांगलं असतं?" त्याने ते मिटून मला परत दिले. मग थर्मास काढला, एकच कप भरला आणि माझ्यापुढे धरला. मी तो दोन्ही हातांनी धरला. त्याने ते पाहिले, आणि पाहिल्याचे लपवले नाही.

आता छत्तिसावा खांब माझा शेवटचा आहे. तिथला डावा पीळ मी बदलला नाही. दर चौदा दिवसांनी गाडी थांबवतो, गुडघ्यांवर बसतो, अंगठ्याने तो दाबून पाहतो आणि वहीत लिहितो: छत्तीस, डावा, घट्ट.